पुढे चढ ना

दहावीला भूगोलात मला अडतीस मार्क होते. ते तपासणाऱ्यानं दयेपोटी दिले असावेत, ही शंका मला पेडण्याला पोचल्यावर आली. गोवा म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे सपाटी, एवढ्याच भांडवलावर मी मार्चअखेरीस सायकल घेऊन तिथं उतरलो होतो. पेडण्याहून डिचोलीला जायचं, तेही आतून, गावागावांतून. मोरजी नको, हरमल नको. किनाऱ्यावर कपडे कमी घालून पडून राहणाऱ्यांत आणखी एकाची भर कशाला?

सायकल पुण्याहून रात्रीच्या बसच्या डिकीत आली होती. तिच्यावर वाटेत कुणीतरी कांद्याची तीन पोती टाकली. पहाटे सायकल बाहेर काढली तेव्हा हँडल डावीकडे वळलेलं होतं आणि चेनला कांद्याची सालं. दोन हातोडे मारून ते बरंचसं सरळ झालं. बरंचसंच. पुढचे दोन दिवस मी समोर चाललोय की सावंतवाडीकडे, हे पाहणाऱ्याला नीट कळत नव्हतं.

उतरवून घ्यायला मेव्हणा आला होता. तो डिचोलीला राहतो. त्याच्याकडे एक स्कूटर आहे आणि माझ्याबद्दल बेताचा आदर आहे. "भावोजी, तुमी सायकलीर, हांव स्कूटरीर. फाटल्यान येतां, भियेनाकात," असं म्हणून तो पुढे निघून गेला. दोन दिवस तो असाच पाठीमागून पुढे होता. मी जिथं पोचेन तिथं त्याचा चहा संपत आलेला असे.

निघण्याआधी मी त्याला नकाशा दाखवून विचारलं, "पुढे चढ आहेत का रे?"

नकाशाकडे न बघताच तो म्हणाला, "चढ ना."

पेडण्याच्या बाजारात भाजीवालीला विचारलं. "चढ ना रे बाबा." हॉटेलात पातळ भाजी आणि पाव देणाऱ्या पोऱ्याला विचारलं. "चढ ना." भगवतीच्या देवळासमोर दोन दगडी हत्ती उभे आहेत. तेवढे दोघेच गप्प राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सायकलवाल्यांबद्दल थोडी कणव दिसली, असं मला आता वाटतं.

मेव्हण्यानं तिथं भूतनाथाची गोष्ट सांगितली. या देवाला म्हणे एका रात्रीत देऊळ बांधून हवं होतं. ते काही उभं राहिलं नाही. म्हणून दरवर्षी कोजागरीच्या पुनवेला, जिला सगळा गोवा 'पेडण्याची पुनाव' म्हणतो, देव रुसून रानाकडे निघतो आणि गाव त्याच्यामागं धावत जाऊन, 'बांधतो बांधतो' अशी समजूत घालून त्याला परत आणतं. देव वर्षभर गप्प बसतो. गोष्ट ऐकून मी हसलो. जे गाव देवाला पिढ्यान्‌पिढ्या गोड बोलून थोपवून धरतं, ते माझ्यासारख्या पुणेकराला सकाळी साडेसहाला काय सांगेल, याचा विचार तेव्हाच करायला हवा होता.

आता इथल्या जमिनीबद्दल. नकाशावर पेडणे तालुका समुद्रापासून सुरू होतो, उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा, म्हणजे दोन नद्यांमध्ये पसरलेली चटई असावी असा समज होतो. प्रत्यक्षात मधे सडा आहे. जांभ्या दगडाचं पठार, वर सपाट, कडेला एकदम तुटलेलं. पावसाचं पाणी हा जांभा चार महिने स्पंजासारखं पितो आणि पायथ्याशी झरीतून सोडून देतो. पाणी पायथ्याशी, म्हणून कुळागरं पायथ्याशी, म्हणून माणसं, देवळं, शाळा आणि चहाची दुकानं पायथ्याशी. सड्यावर कुणी राहत नाही. पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा रस्ता सड्यावरूनच जातो. म्हणजे गावातून निघायचं की चढायचं, आणि गावात पोचायचं की उतरायचं. उतरताना जो आनंद होतो तो पुढच्या गावाच्या वेशीवर व्याजासकट वसूल होतो. अशी गावं पेडण्यात किती आहेत, हे मी आधी मोजलं नव्हतं.

फ्रान्समधल्या त्या सुप्रसिद्ध शर्यतीत चढांना दर्जे देतात. चौथा सगळ्यात सोपा, मग तिसरा, दुसरा, पहिला, आणि त्याहून अवघड असेल तर वर्गाबाहेरचा. पेडण्यात वर्गवारी नाही. इथं चढाला घांटी म्हणतात, मग ती केवढीही असो. आणि घाटावरून आलेल्या आमच्यासारख्यांना गोव्यात, प्रेमानं म्हणता येणार नाही, पण घाटीच म्हणतात. वारखंडच्या पुढच्या वळणावर एक घाटी घांटी चढत होता. अनुस्वाराएवढंच अंतर होतं, पण ते कापताना प्राण कंठाशी आले.

तिथंच मागून पों-पों ऐकू आलं. पोदेर. पहाटेच्या पावाची फेरी संपवत आला होता. मी उतरून झाडाला टेकून 'निसर्ग बघत' उभा होतो.

"पात्रांव, पंक्चर?"

"नाही नाही. बघतोय जरा."

त्यानं मी बघत होतो त्या दिशेला पाहिलं. तिथं चिरे रचलेले होते. मग तो माझ्या सायकलीकडे वळला. चोवीस गिअर, पाण्याच्या दोन बाटल्या, हँडलवर मोबाइल, मोबाइलमध्ये माझ्या हृदयाचे ठोके. ते त्या वेळी १६८ होते, आणि मी उभा होतो.

त्याची सायकल काळी, जुनी, एका गिअरची. मागं पाटलो म्हणजे पावाची टोपली बांधलेली, वर निळं प्लास्टिक. सीटला दुधाची पिशवी गुंडाळलेली. भोंग्याच्या रबरी फुग्याला ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे पंक्चर त्याच्या भोंग्याला झालं होतं. निळं प्लास्टिक बाजूला केल्यावर आतून कोंड्याचा आणि भट्टीचा असा वास आला की माझे ठोके आपोआप खाली आले. दोन पोयी घेतल्या. वरून कोंडा लागलेल्या, आतून पोकळ, अजून कोमट. एक तिथंच संपली.

मग आम्ही दोघं निघालो. मला वाटलं, आता हा पेडल मारत मला मागं टाकणार आणि माझी फजिती होणार. तसं काही झालं नाही. पोदेर सायकलवर चढलाच नाही. एक हात हँडलवर, एक पाटल्यावर ठेवून तो सरळ चालू लागला. मी सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, पाय शिवणयंत्रासारखे फिरवत, त्याच्या शेजारून. दोघांचा वेग एकच होता. वीस मिनिटं आम्ही अशा गप्पा मारल्या. म्हणजे त्यानं मारल्या, मी 'हं' म्हणत होतो.

"चढता तरी कशाला बसून?" मी शेवटी न राहवून त्याच्या मनातला प्रश्न मलाच विचारला.

"घांटयेर चलपाचें," तो म्हणाला, "देंवतेर बसपाचें." चढाला चालायचं, उताराला बसायचं. इतक्या वर्षांच्या व्यवसायाचं सगळं शास्त्र चार शब्दांत. माझ्या हेल्मेटसोबत तेरा भाषांतलं माहितीपत्रक आलं होतं, त्यात हे नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर त्यानं टांग मारली आणि पों-पों करत तो पलीकडच्या उतारावर दिसेनासा झाला. जाताना ओरडून गेला, "फुडें चढ ना!"

पुढे मोपाचा सडा लागला. दीड-एकशे मीटर उंचीवरचं हे पठार. इथं पूर्वी गुरं चरत. आता मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, ५ जानेवारी २०२३पासून चालू. सड्यावर सावली नाही, वारा समोरून, आणि डोक्यावरून विमान. पुण्याहून निघालेलं विमान तासाभरात इथं टेकतं. मला पेडण्याच्या बाजारातून इथवर यायला तेवढाच वेळ लागला होता. त्यांतल्या एखाद्या प्रवाशानं खिडकीतून पाहिलं असेल तर लाल पठारावर एक पिवळा ठिपका एका जागी थांबलेला दिसला असेल. तो थांबलेला नव्हता.

मोठ्या रस्त्यावर सुरक्षेसाठी उभ्या असलेल्या एकानं मला हात केला. "डिपार्चर?"

"इब्रामपूर," मी म्हणालो.

त्यानं बराच वेळ विचार केला. त्या नावाचं विमान त्याच्या यादीत नसावं. मग त्यानं मला खालच्या गावरस्त्याकडे बोट दाखवलं आणि माझ्याविषयी शेजारच्याला काहीतरी सांगितलं. दोघंही हसले नाहीत, हे मला जास्त लागलं.

चांदेल, कासारवर्णे, हळर्ण. या पट्ट्याबद्दल मी कितीही कमी लिहिलं तरी तुम्ही तिकडे जाल अशी भीती आहे. खाली शापोरा, जी वर तिळारीहून येते, तिच्या काठाला माडपोफळी, चवळीची हिरवी शेतं, आणि वरच्या उतारांवर काजू. मार्चअखेर असल्यामुळे झाडांखाली पिवळ्या-लाल बोंडूंचा सडा, हा दुसरा सडा, आणि हवेला आंबूस-गोड वास. एकही पाटी कुणाला 'स्वागत' म्हणत नाही. रस्त्यावर गाडी नाही. एक कुत्रा माझ्यामागं धावायला म्हणून उठला, माझा वेग पाहून परत बसला.

हळर्णला नदीकाठी छोटासा किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो १७४६मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. घेणारा व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैद. किल्ला एवढासा, पण राजा खूश झाला आणि साहेबांना पदवी मिळाली, 'मार्केस द आलोर्ना'. हळर्णचा मार्क्विस! या गावाच्या नावानं लिस्बनमध्ये सरदारघराणं उभं राहिलं. त्याची नात लिओनोर पोर्तुगीज साहित्यातली मोठी कवयित्री झाली, आणि आजही ती ओळखली जाते 'मार्केझा द आलोर्ना' म्हणून. हळर्णच्या घांटीवरून सायकल ढकलायची वेळ तिच्यावर आली नाही. आली असती तर कवितेचा सूर जरा वेगळा लागला असता.

किल्ल्याच्या भिंतीला टेकून दुसरी पोय खाताना मेव्हणा आला. "भावोजी, हांगा लागीं काजूची भट्टी आसा. नीरो पियेतले?"

भट्टी म्हणजे काजूच्या झाडांखाली माटव. दगडी कोळंबीत, म्हणजे हौदात, एक माणूस अनवाणी बोंडू तुडवत होता. तुडवून रस वाहून गेला की उरलेला चोथा वेलीनं करकचून बांधतात, वर धोंडा ठेवतात, आणि मग थेंब थेंब जो गळतो तो नीरो. तुडवलेल्या रसाचा पुढे उर्राक होतो, उर्राकाची फेणी. नीरो मात्र तसाच प्यायचा, सकाळी, ताजा. त्यात मद्य नाही. पातळ, गार, पहिल्या घोटाला गोड आणि शेवटच्या घोटाला घशाला चिमटा काढणारा. मी तीन पेले प्यायलो. भट्टीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. उलट माझी एक बाटली रिकामी दिसली ती भरून दिली. "वाटेर पियात. पूण बेगीन पियात." लवकर प्या, एवढंच तो म्हणाला. का, ते मी विचारलं नाही.

"पुढे चढ?"

"चढ ना."

इब्रामपूरपर्यंत दोन होते. इब्रामपुराच्या पुढे तिसरा. तिसऱ्यावर मी पोदेराचं शास्त्र अंगीकारलं.

नदीपलीकडे साळ. इथं शिमग्यात गड्यांची जत्रा भरते. अवसर आलेले गडे रात्रीच्या अंधारात, देवचाराच्या उजेडामागं, तीन रात्री रानातून धावतात. त्यांना वाटेत चढ लागतात का, हे कुणी मोजत नाही. मी मात्र मोजत होतो, आणि सात झाले होते.

दोडामार्ग महाराष्ट्रात आहे. पेडण्याहून डिचोलीला या वाटेनं जाताना गोव्यातून निघून, महाराष्ट्रात शिरून, परत गोव्यात यावं लागतं, आणि हे सगळं दुपारच्या जेवणाआधी. सीमेवर नाका आहे. तिथं गोव्याहून येणाऱ्यांची पिशवी प्रेमानं पाहतात, कारण गोव्यातली बाटली सीमेपलीकडे महाग होते.

"काय साहेब, सायकलवर? बाटलीत काय?"

"काजूचा रस," मी म्हणालो. खरं तेच.

"रस?" तो हसला. त्याच क्षणी बाटलीनं स्वतःच साक्ष दिली. तीन तास उन्हात, खड्ड्यांत घुसळून, नीरो आपल्या मूळ धर्माला जागला होता. फस्स असा आवाज झाला, तोंडाचं रबर उडून नाक्याच्या टेबलावर पडलं, आणि रजिस्टरच्या उघड्या पानावर फेसाची एक बारीक रांगोळी उमटली. वास सांगायला नको.

तो माणूस बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग त्यानं मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्यानं, ज्याच्याशी माझं वीस वर्षांचं नातं आहे, स्कूटर सुरू केली आणि "फाटल्यान येयात" म्हणून निघून गेला. भट्टी, धोंडा, वेल, बेगीन, सगळं मला एकट्यालाच समजावून सांगावं लागलं. शेवटी बाटली झाडाखाली रिकामी करण्यावर तह झाला. मुंग्यांची एक रांग तिकडे निघाली. जाताना नाक्यावरच्या त्या माणसानं, माणूस चांगला, पान वाळत ठेवता ठेवता विचारलं, "डिचोलीला का? मग काय, चढ ना." तो बोलीनं मालवणी होता. म्हणजे हा रोग सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे.

कासारपालच्या काळीकादेवीला हात जोडून डिचोलीकडे वळलो. इथून जमीन बदलते. लाल रंग गडद होतो आणि टेकड्या खऱ्या नसतात. त्या खाणींतून काढून टाकलेल्या मातीच्या राशी, त्यांच्यावर आता ऑस्ट्रेलियन बाभळी. खड्ड्यांत साचलेलं पाणी हिरवंनिळं, फोटोला छान. चहाच्या दुकानामागं तीन ट्रक उभे होते, एकाच्या केबिनमधून वेल बाहेर आला होता. २०१२मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या चालल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ परवाने रद्द केले, आणि ट्रकाचे हप्ते मात्र कुणी रद्द केले नाहीत. "धूळ कमी झाली," चहावाला म्हणाला. "गिऱ्हाईकही." आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्यात, आणि धूळ आणि गिऱ्हाईक दोन्ही एकाच ट्रकातून परत येताहेत. या रस्त्यावर सायकलवाल्यानं तोंड बंद ठेवावं. मी ठेवलं नाही, म्हणून डिचोलीला पोचलो तेव्हा माझे दात देवळाच्या पायऱ्यांच्या रंगाचे होते.

मोबाइलनं हिशेब दिला. अंतर सत्तेचाळीस किलोमीटर, चढ सातशे मीटर. म्हणजे सिंहगड पायथ्यापासून एकदा चढून झाला, वर दह्याचं मडकं मिळालं नाही एवढंच.

रात्री मेव्हण्याच्या बायकोनं शीत, बांगड्याचं हुमण आणि सोलकढी वाढली. तिसऱ्या वेळी भात घेताना मी सगळा राग बाहेर काढला. म्हणालो, वहिनी, तुमच्या या दोन तालुक्यांत एकही माणूस खरं बोलत नाही. भाजीवाली, पोदेर, भट्टीवाला, तुमचा नवरा, सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, चढ ना, चढ ना. नऊ चढ होते! भूतनाथाला फसवता तसं मला फसवलंत.

तिनं वाढता वाढता हात थांबवला. नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली पानात बघून हसत होता. त्याला हे सकाळपासून माहीत असावं.

"भावोजी," ती म्हणाली, "चढ न्हय. चड. चड म्हणजे जास्त. चड ना म्हणजे जास्त नाही. घांटी आहेच की! पण चड ना."

मी पानावर बसून सकाळपासूनची एकेक साक्ष परत तपासली. भाजीवाली. पोऱ्या. पोदेर, ज्यानं घांटी चालत चढून झाल्यावर उतारावरून मला ओरडून सांगितलं होतं. एकानंही खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारत होतो चढ आहे का, आणि ते बिचारे सांगत होते, फार नाही हो. कान पुण्याचा आणि तोंड पेडण्याचं, मधे एका 'ढ'चा घाट. भूगोलापाठोपाठ मराठीचे मार्कही संशयास्पद झाले.

दुसऱ्या दिवशी फक्त मये आणि नार्वे. मये तलाव सकाळी निवांत होता. पेडल मारायच्या होड्या काठाला बांधलेल्या दिसल्या आणि मांड्यांनी नकार दिला. मयेवरून नार्व्याला उतार आहे, खरोखरचा. सप्तकोटेश्वराचं देऊळ खाली झाडीत, मागं डोंगर. हा देव मूळचा पलीकडच्या दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ मोडलं तेव्हा भक्तांनी त्याला नदी ओलांडून इकडे आणला. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे. महाराज घोड्यावर होते, आणि घोड्याला वाटेत कुणी चढ विचारत नाही. मी पायरीवर बसून बूट काढले. गाभाऱ्याचा गारवा तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत आला तेव्हा उठायची इच्छा राहिली नव्हती.

पण देव ज्या नदीवरून आला तीच मला उलटी ओलांडायची होती. नार्व्याच्या धक्क्याला फेरी लागलेली होती. दोन स्कूटर, माशांची टोपली घेतलेली एक बाई, शाळेची तीन मुलं आणि मी. सायकलीचे पैसे कुणी मागितले नाहीत. मांडवीचं पाणी संथ, काठाला खारफुटी.

मेव्हणा धक्क्यावरच राहणार होता. त्याला स्कूटरीवरूनही आता माझ्यामागून पुढे जायचा कंटाळा आला असावा. फेरी सुटायला लागली तसा मी कठड्याला धरून ओरडलो, "दिवाडीला घांटी आहे का रे?" या खेपेला शब्द नीट निवडला होता.

"आसा!" तो ओरडला. "पूण चड ना!"

फेरी वळली. समोर बेट आलं, भातखाचरं, माड, आणि बेटाच्या मधोमध एक टेकडी. टेकडीच्या माथ्यावर पांढरं चर्च. रस्ता सरळ तिकडेच जात असणार. पलीकडचा धक्का जवळ आला तसा तिथं एक पोदेर दिसला. निळं प्लास्टिक, पाटलो. तो सायकलवरून उतरला, एक हात हँडलवर ठेवला, एक पाटल्यावर, आणि चालू लागला.